कर्ज बुडाल्याची मेजवानी

तराझ शहरातल्या आमच्या बुडालेल्या बँकेवर दुसऱ्या बँकेची पाटी लागली, त्या आठवड्यात रांगेत माझ्यापुढे म्हाताऱ्या कुल्याश आपा आणि त्यांचा शेजारी दाउलेत उभे होते.

"आपा, तुमची ठेव गेली ना?"

"जाते कशाला? आली की नव्या बँकेत, आपोआप. जुनं कार्डही चालतंय तूर्त. व्याज पुढे तेवढंच देणार का, ते विचारायला आलेय. तू कशाला आलास?"

"फोनवर मेसेज आलाय. हप्ता थकला म्हणे, वर दंड! अहो, बँक बुडाली ना? मग माझं कर्ज कसं तरलं?"

"ठेवी आल्या तशी कर्जंही आली. बँक मेली म्हणून तुझी सही मरत नाही."

"मी मेंढा कापला हो, कर्ज बुडालं म्हणून! अख्खी गल्ली जेवली!"

"मीही जेवले. मेंढ्याचं डोकं मानानं माझ्यापुढे ठेवलंस आणि म्हणालास, 'आपा, तुमचे पैसे तर गेलेच, निदान मटण तरी खा.' त्या मेंढ्याचे पैसे दिलेस का?"

"हप्ता वाचला की देणार होतो."

"वा!"

"तेव्हाच सांगायचं ना मला!"

"सांगत होते. तू गात होतास."

"आणि वर दोन्ही हात पसरून दुवा दिलीत!"

"दिली ना. म्हटलं, 'देवा, ह्या घराला घेतलेलं फेडायची बुद्धी दे.' सगळ्यांत मोठ्यानं 'आमीन' तूच म्हणालास."