शकुने सोललेले वाटाणे

मुलुंडला शेअर रिक्षाच्या रांगेत पुढच्या दोघींचं बोलणं मालनबाई कान टवकारून ऐकत होत्या.

"काय गं शकु, नातीच्या मॉन्टेसरीतून तुला हाकललं म्हणे?"

"हाकलतील नाहीतर काय! आजीआजोबांना वर्ग बघायला बोलावलेलं. पोरं वाटाण्याच्या शेंगा सोलत बसलेली, एक शेंग घेऊन तासभर! मला कुठलं बघवतंय? टोपली ओढली नि सगळ्या सोलून दिल्या."

"मग बाई खूश?"

"कसल्या खूश! पोरांनी भोकाड पसरलं. तोच त्यांचा अभ्यास होता, आणि मी मेली शाबासकीची वाट बघत उभी!"

"आणि नात, जान्हवी?"

"तेव्हापासून बोलेचना गं माझ्याशी."

"अजून रुसलीय?"

"आज सकाळी बोलली. म्हणाली, 'आजी, परत ये शाळेत. पण हात घरी ठेवून ये.'"