पयला खडा

हरीओमचं घर? सांगतो ना जी, त्याचंच सांगून राह्यलो — पन बसा अगोदर, तो काई पळून नाई चालला. तुमी पेपरवाले, मालेगावहून गाडीवर आले, उन्हाचे आले, आन् माह्या ओट्यावरून तसेच कसे जासान? काय म्हन्ता, घाई हाये? आग तं नाई ना लागली कुठं? मंग बसा.

लिहा, हरीओमचं लिहा, मी कायले आडवा येऊ — मानूस चांगला हाये. टोपी हाये त्याच्यापाशी, पिवळी, वाशीमले आग विझवाचं शिकून आला तवा भेटली. मले कोनं टोपी देल्ली? वल्लं पोतं डोक्यावर घ्याचं, पाठीवर फवारनीचा पंप, आन् चढाचं छपराच्या टिनावर — तीस वर्सं हेच केलं या भाऊसिंगनं, फुकट. वाशीमची बंबाची गाडी एवढ्या दुरून येईस्तोवर गुरायचा कोठा उभा राह्यते का? सोयाबीनची गंजी असो, कुटार-भुसा असो, पुढ्यात जेवनाचं ताट असो — हाक आली का उठलो. भाऊसिंगले बलाव, हेच म्हने सारं गाव. आता म्हन्ते हरीओमले फोन लाव. फोन माह्यापाशी बी हाये. वाजत नाई.

आमच्या गावची रीत हाये — आग विझली का त्या घरची बाई गूळ-पानी आनते, आन् जो पयला वर चढला त्याच्या हातावर पयला खडा. बाकीच्याईले मांगून. एवढासाक खडा, पन सारं गाव पाह्यते ना कोनाच्या हातावर पडला थो. दोन वर्सं झाली, हरीओमच्याच हातावर पडते. मी मांगं उभा. थो मांगचा गूळ गोड लागत नाई जी. जळतो मी, काहून खोटं बोलू.

म्हून परवा माह्याच कोठ्यातलं कुटार पेटलं तं — हो, माह्याच, थे काळं दिसते ना थेच — बैल सोडले, आन् पोतं बी भिजवलं नाई. हरीओम येऊन राह्यला होता, दिसला मले. शिडी लावली आन् चढलो. त्याच्या अगोदर चढलो, हे लिहा. साठी उलटली, गुडघा धरते, तरी अगोदर. वर गेलो आन् मंग ध्यानात आलं — बापा, घर तं माहंच हाये. ज्याची आग त्याले गूळ नाई, रीतच तशी. मंग मी धावलो कायसाठी?

माही बायको, गोमतीबाई, तिनंच आनला गूळ. हरीओमच्या हातावर ठेवला. बरोबर केलं तिनं. पन वरून त्याच्या डोक्यावर हात फिरवला, रडली. मी तीस वर्सं धुरानं काळा होऊन घरी येवो, तं म्हने, अगोदर आंग धुवा, वास येते.

काय? कोनता म्हातारा? टिनावरून त्यानं खांद्यावर आनला थो — त्याचा बी फोटो पाह्यजे? दोघायचा संगं?

टिन वाकलं जी. गुडघा अडकला. उचललं त्यानं मले, सोयाबीन भरल्या कट्ट्यावानी, साऱ्या गावादेखत. खांद्यावर होतो आन् मनात एकच — यानं मले इथंच टाकून द्यावं. नाई टाकलं. खाली आनलं, आन् वरून माह्याच पाया पडला.

निळं फाटक दिसते का, थेच त्याचं घर. उठा.