इंदूताईंच्या साडीचं विमान

देवाचं नाव घेऊन झालं, टाळ खाली ठेवा, आणि जरा सरकून बसा — उशिरा आलेल्यांनाही टेकायला जागा द्या. मंडळी, ऐका. आज एकच प्रश्न घेऊन आलोय. द्यायला मन मोठं लागतं — लागतं ना? बघा, सगळ्यांच्या माना हलल्या! गावातले सगळे दानशूर आज इथंच बसलेत. मग आता सांगा — घ्यायला काय लागतं?

हां! आता सगळे गप्प!

काय म्हणालात अण्णा? "घ्यायला हात लागतो"? खरंय. आणि तुमचा हात प्रसादाला सगळ्यांच्या आधी पुढं येतो, हे मी दर वर्षी बघतो! पण नुसत्या हातानं भागत नाही हो. कशानं भागतं, ते दिनकरराव नलवड्यांना साठी उलटल्यावर कळलं. आणि कुठं कळलं? देवळात नाही, तीर्थाला नाही — कुरणवाडीच्या माळावर, एका लाकडी विमानापायी!

काकू, तुम्ही भुवया चढवू नका. पुराणातलं विमान चालतं तुम्हाला, मग आमच्या नलवड्यांचं का नाही चालत? ऐका तर खरं.

हे दिनकरराव साखर कारखान्यात फोरमन. माणूस सोन्यासारखा, पण एक खोड. कुणाचं काही घ्यायचं नाही! शेजारून वाटीभर विरजण आणलं, तर संध्याकाळच्या आत त्याच वाटीतून दही परत. आता वाटी रिकामी परत द्यायची नाही, ही आपली रीतच आहे. पण आपण देतो ते मायेनं, आणि हे द्यायचे ते फिटंफाट करायला! कुणी चहा पाजला की यांना रात्रभर झोप नाही. "आपण कुणाच्या मिंध्यात नाही" — हे वाक्य तर त्यांच्या तोंडी असं बसलेलं, की बायको इंदूताई ते ऐकू आलं की पदर तोंडाला लावून हसायच्या.

निवृत्त झाले. आता वेळ कसा घालवायचा? लहानपणापासून एक हौस मनात होती — विमान! शहरातून एक खोका आणला. खोक्यात काय? लाकडाच्या पातळ पातळ फळ्या, काड्या आणि एक भला मोठा नकाशा. त्या लाकडाला बालसा म्हणतात. आपल्या पांगाऱ्याचं लाकूड हलकं वाटतं ना? हे त्याहून हलकं, फुंकर मारली तर उडेल. नकाशा टेबलावर पसरायचा, वर मेणकागद घालायचा, आणि नकाशातल्या रेघांवर एकेक फासळी टाचण्यांनी उभी करून चिकटवायची. फासळीला फासळी जोडत पंख होतो. मग मोटर बसवायची, यंत्रं बसवायची, आणि जमिनीवर उभं राहून रिमोटनं उडवायचं!

सबंध पावसाळा जेवणाचं टेबल विमानाच्या ताब्यात. नवरा-बायको खाली पाट मांडून जेवायची. दिनकररावांनी फासळी लावायची आणि डिंक वाळेपर्यंत ती बोटांत धरून कोण बसायचं? इंदूताई! टाचण्या कुणाच्या? इंदूताईंच्या शिवणाच्या डब्यातल्या! नकाशावरची बारीक अक्षरं कोण वाचून दाखवायचं? सांगायलाच नको. आणि कुणी घरी आलं की दिनकरराव काय म्हणायचे? "एकट्यानं केलंय! कुणाची मदत नाही!" आणि इंदूताई तिथंच, चहाचा ट्रे घेऊन उभ्या.

हसू नका! तुमच्या घरी वेगळं चाललंय का?

सांगाडा झाला. आता त्यावर कापड ताणायचं. तलम रेशीम लागतं. त्यावर लॅकर, म्हणजे पातळ रोगण मारलं की ते आक्रसतं आणि आमच्या सदाशिवरावांच्या तबल्यागत कडक होतं. असं रेशीम कुठं मिळेना. दिनकररावांचं तोंड उतरलं. इंदूताई उठल्या, कपाट उघडलं, आणि डाळिंबी रंगाची एक साडी आणून टेबलावर ठेवली. त्यांच्या आईची. आई गेली तेव्हा बहिणींनी बाकी सगळं वाटून घेतलं होतं, यांनी ही एक मागून घेतली होती. वर्षातून एकदा उन्हात घालायच्या, घडी मोडून पुन्हा घालायच्या, नेसायच्या मात्र नाहीत.

"घ्या," म्हणाल्या.

आणि मंडळी, ज्यानं विरजणाचं दही परत केलं, तो माणूस काय म्हणाला? "बरं झालं. कात्री आण." बस! कात्री आणली, आईची साडी कापली, विमानाला चढवली. आभार नाही, दोन शब्द नाहीत. परक्याचं वाटीभर विरजण डोळ्यांत आलं, घरातली अख्खी साडी दिसलीच नाही! सदाशिवराव, धरा जरा ठेका —

*दिले ते मोजले, घेतले विसरलो,
कुणाच्या बळाने, कळेना, मी तरलो!*

एका रविवारी सकाळी दोघं माळावर गेली. तिथं हौशी मंडळी विमानं उडवायला जमतात. त्यांतला जाणता म्हणजे बस्त्याव फर्नांडिस. पावाची भट्टी चालवणारा माणूस, हाताला कायम पिठाचा वास, पण रिमोट हातात आला की घारीनं शिकावं असं उडवणार! त्या माळाची एक रीत आहे. कुणाचंही विमान उडण्याआधी दुसऱ्या कुणाच्या तरी नजरेखालून जायचं. बस्त्याव स्वतःचं विमानसुद्धा दुसऱ्याला देतो. "बघ रे एकदा," म्हणतो.

बस्त्याव हसत पुढं आला. "काका, झकास झालंय! रंग तर काय सुरेख! द्या, एकदा बघतो."

"काही गरज नाही. उभा जन्म मशिनं तपासण्यात गेलाय माझा. घरी सगळं बघितलंय."

"तसं नव्हे काका, इथली रीतच—"

"आपण कुणाच्या मिंध्यात नाही!"

आलं का वाक्य! बस्त्याव बाजूला सरकला. पण गेला नाही कुठं, मागं हात बांधून तिथंच उभा राहिला. आणि उडवायला तरी दिनकरराव कुणाकडं शिकले होते? संगणकावरच्या खेळात! कुणाचं विमान मागायला नको म्हणून!

विमान मातीवरनं धावलं, वळलं, वाऱ्याकडं तोंड करून सरळ निघालं, आणि उठलं! डाळिंबी पंख उन्हात असे चमकले की इंदूताईंचा हात आपोआप छातीशी गेला. त्यांना विमान दिसतच नव्हतं. देवळातनं परत येणारी आई दिसत होती.

आता वळवायचं. दिनकररावांनी रिमोटची दांडी उजवीकडं दाबली — विमान डावीकडं कललं! वारा असेल, त्यांना वाटलं. आणखी उजवीकडं दाबली — ते आणखी डावीकडं! डावीकडं काय? नीलगिरीची झाडं, आणि पलीकडं दगडाची खाण! दांडी पार टोकाला नेली — आणि विमान एका पंखावर आडवं होऊन गिरक्या घेत खाली यायला लागलं. आणि मंडळी, त्या क्षणाला त्यांना पहिल्यांदा दिसलं — ही साडी आहे! हिच्या आईची साडी आहे, आणि दुसरी मिळायची नाही!

"काका, दांडी सोडा!" बस्त्याव ओरडला.

कसली सोडतायत! बुडणारा माणूस धरलेलं सोडतो का? आणखी घट्ट धरली.

"अहो, सोडा ना! कुणाचं तरी ऐका एकदा!" — या इंदूताई.

आणि सोडली. दांडीवरचे अंगठे उचलले. डोळे मिटले.

शिकाऊ विमानाचे पंख असतात ओंजळीसारखे, थोडे वर उचललेले. उंची हाताशी असली आणि तुम्ही लुडबुड थांबवली, तर ते आपलं आपण सरळ होतं! झालं! झाडांच्या शेंड्यांवरनं सरळ झालं आणि वर निघालं. मी म्हणतो, आपल्या निम्म्या संसाराला हेच औषध आहे. पण ते पुढच्या कीर्तनात नको, आत्ताच सांगून ठेवतो — लुडबुड थांबवा!

बस्त्याव शेजारी आला. "पंखाच्या मागच्या, विमान कलवायच्या पट्ट्या उलट्या हलतायत काका. पण जमिनीवर वळताना शेपटी बरोबर होती, बघितलंय मी. शेपटीनंच वळवून उतरवता येईल."

बघितलं होतं, मंडळी! ज्याला बघू दिलं नाही, त्यानं तरीही बघून ठेवलं होतं!

दिनकररावांचे ओठ हलले. उभ्या जन्मात न उच्चारलेलं वाक्य होतं ते, सहज कसं निघणार? आणि निघालं.

"बस्त्याव... बाबा, माझ्याच्यानं होत नाही. धर."

हिसकावून घेतलं असतं दुसऱ्यानं. बस्त्यावनं नाही घेतलं. म्हणाला, "डावी दांडी मी धरतो, वळवायचं आणि मोटरचं मी बघतो. उजवी तुमच्याकडंच. फक्त वर-खाली, आडवी नाही. उतरवायचं तुम्हीच." एक रिमोट, दोन माणसं, खांद्याला खांदा! विमान मोठा वळसा घेऊन आलं, हळूहळू खाली आलं, "आता जरा ओढा काका... जरा... बास!" — आणि गवतात टेकलं. दोन उड्या मारल्या आणि उभं राहिलं. रेशमाला ओरखडा नाही!

माळावर टाळ्या पडल्या. बस्त्यावनं रिमोटमधली एक कळ फिरवली, पट्ट्या बरोबर हलायला लागल्या. मग विचारलं, "घरी तपासलंत तेव्हा कुठं उभे होता?"

"टेबलापाशी. विमानाचं नाक माझ्याकडं."

"हां! समोरून बघितलं की त्याचं उजवं ते आपलं डावं होतं, काका. मागून बघायचं असतं."

"पलीकडं भिंत होती रे."

"अहो मग टेबल सरकवायचं ना!" इंदूताई म्हणाल्या. "मी स्वयंपाकघरातच तर होते."

दिनकरराव खाली बघत म्हणाले, "तुला हाक मारावी लागली असती."

एवढंच! एवढ्यासाठी सगळं रामायण! मग दिनकररावांनी विमान उचललं आणि दोन्ही हातांनी बस्त्यावपुढं धरलं. "बघ रे एकदा," म्हणाले. आणि इंदूताईंकडं वळले. डोळे भरले होते, लपवले नाहीत.

"इंदू, ही वाटी काही माझ्याच्यानं भरून परत होत नाही गं."

इंदूताई म्हणाल्या, "परत मागितलीय कुणी?"

काय बोलली माउली! परत मागितलीय कुणी? मंडळी, श्वास दिला, परत मागितला का? आईनं मांडीवर घेतलं, हिशेब मागितला का? आणि आपण काय म्हणतो — एकट्यानं केलं! अहो, आपण आपल्याला कायम समोरून बघतो, आरशात! तिथं उजवं-डावं उलटं असतं, तरी सगळं झ्याक दिसतं. मागून बघणारं माणूस घरातच असतं. त्याला हाक मारायची लाज वाटते!

घ्यायला काय लागतं, अण्णा? प्रसाद घेताना आपण उजव्या हाताखाली डावा धरतो, ओंजळ करतो. ती ओंजळ रिकामी असावी लागते. ज्याची मूठ "मी कुणाच्या मिंध्यात नाही" म्हणून आवळलेली, त्याला देव तरी कुठं ठेवणार?

आता आरती होईल. दाराशी तुमच्याच घरातली माणसं प्रसाद वाटायला उभी राहतील. आज खाली मान घालून घेऊ नका. देणाऱ्याच्या तोंडाकडं बघा, नाव घेऊन एक शब्द बोला. अण्णा, तुम्ही तर आधी जाल — आज वाटायला तुमची गृहलक्ष्मीच उभी राहणार आहे, बघा जरा तिच्याकडं! उठा, निरांजन लावा, आणि म्हणा माझ्याबरोबर — देवा, तू दिलंस, आणि आम्ही घेतलं!