एकतीस नंबरची उंची

वर्षा : पण माणूस उंच कसा होईल, आप्पा? बेचाळीस वर्षांचा माणूस, जानेवारीत एकशे साठ सेंटिमीटर आणि एप्रिलअखेर एकशे सहासष्ट?

आप्पा : तुझा व्यायाम लागला असंल अंगाला.

वर्षा : थट्टा नको. पहाटे चारपासून बसलेय या लॅपटॉपसमोर.

आप्पा : मी पण जागाच आहे ना, बेटा. बारा तास सहा लूम सांभाळले. पाय तर धुऊ दे.

(नवागाम, सकाळचे आठ. लोटूआप्पांची यंत्रमाग कारखान्यातली रात्रपाळी सुटली आहे. फिजिओथेरपी शिकणाऱ्या त्यांच्या लेकीची अजून सुटायची आहे. लॅपटॉप शिवणयंत्रावर उघडा.)

वर्षा : धुवा, पण धुता धुता ऐका. तुमच्याच कारखान्यातले अठ्ठेचाळीस कारीगर तुम्ही मला गोळा करून दिलेत. बारा आठवडे रोज वीस मिनिटं व्यायाम, आणि आधी-नंतर सहा मिनिटांत किती मीटर चालतात ते मोजायचं. सगळं सांगितलं तसंच झालं ना?

आप्पा : झालं ना. मागच्या आठवड्यात तूच सांगेल होतं, आकडा चांगला आला, सर खूश झाले.

वर्षा : आला होता. सरासरी पन्नासेक मीटर जास्त चालायला लागले सगळे. आज सहज उंची-वजन तपासायला घेतलं, तर आलेखावर आठ ठिपके बाकीच्यांपासून लांब जाऊन बसलेत. आठ जणांची उंची बदललीय. दोघं तर बुटके झालेत.

आप्पा : त्या चैताली मॅडमची पट्टी वाकडी असंल.

वर्षा : चाळीस जणांना तीच पट्टी सरळ होती. मी स्वतः मोजलं असतं तर तिथंच कळलं असतं. पण जिनं व्यायाम शिकवला तिनं मोजायचं नाही असा नियम, म्हणून माझ्या वर्गातल्या चैतालीला पाठवलं. माझ्याकडे नुसते नंबर आहेत, नावांची यादी सरांच्या कपाटात. तुम्ही होतात तिथं उभे. दुसऱ्या वेळी कोण कोण आलं होतं?

आप्पा : अखाजीचा सण होता तेव्हा.

वर्षा : मग?

आप्पा : मग काय. अखाजीला आपल्याकडचा माणूस गावाला जातोच. भगवान अमळनेरला जायेल होता, ललित पारोळ्याला. जाताना लूम रिकामा सोडत नाही कोणी, धाकट्या भावाला नाहीतर मेव्हण्याला बदली ठेवून जातो. हजेरी ज्याची त्याच्याच नावानं पडते. मॅडमनं नंबर पुकारला, तर लूमवर जो होता तो उभा राहिला. यात लबाडी नाही, माय. माणूस दिला ना आम्ही.

वर्षा : व्यायामाच्या परीक्षेलाही बदली?

आप्पा : बारा तास लूमवर भागतं, तर सहा मिनिटं का नाही भागणार?

वर्षा : ती सगळी विशी-पंचविशीतली माणसं असणार, आप्पा. आकडा त्यांनी वाढवला. ते आठ काढून मी परत हिशोब लावला. पन्नास मीटरचे अठरा राहिले. एवढा फरक व्यायामानं पडला की असाच पडला, ते सांगता येत नाही म्हणतंय सॉफ्टवेअर.

आप्पा : मग नको ना काढू.

वर्षा : सरही फोनवर तेच म्हणाले. उंची कोण बघत बसतंय, सोमवारी प्रबंध जमा कर आणि मोकळी हो. काढलेस तर सहा महिने वाढतील, नवीन माणसं घे, परत पहिल्यापासून सुरू कर.

आप्पा : ऐक त्यांचं. दोन वर्षं झाली. तोंड बघ तुझं कसं उतरेल आहे.

वर्षा : मलाही व्हायचंय हो मोकळं. इतका कंटाळा आलाय की डोळे मिटून ते आठ परत आत टाकावेसे वाटतात. गावाला कितीजण गेले होते एकूण?

आप्पा : भगवान, ललित, योगेंद्र, चंदू, ते दोघं शिरपूरवाले, आणि वैभव. सात.

वर्षा : सात?

आप्पा : हाव. सातच.

वर्षा : उंची आठ जणांची बदललीय.

आप्पा : जरा चहा ठेव ना, बेटा.

वर्षा : ठेवते. एकतीस नंबर, वय चोपन्न. आधी तीनशे दहा मीटर, नंतर पाचशे चाळीस. सगळ्यांत मोठी उडी. मागच्या आठवड्यात ही ओळ बघून मला काय आनंद झाला होता. वाटलं, हे आप्पाच असणार. चैतालीला फोन करून सांगितलंसुद्धा, माझे वडील पोरांना मागे टाकतात म्हणून. ती नुसती हसली. तिला वाटलं असेल, मी चेष्टा करतेय. तेव्हा मी उंची बघितली नव्हती.

आप्पा : माझ्या जागी बाजूच्या लूमवरच्या हिलालला उभा केला होता.

वर्षा : तुम्ही तर गावाला गेला नव्हता.

आप्पा : नाही.

वर्षा : मग?

आप्पा : चार दिवस केला मी व्यायाम. पाचव्या दिवशी छातीत भरून आलं, म्हणून सोडला.

वर्षा : आणि मला बोलला नाहीत.

आप्पा : तू रोज म्हणायची, एक जरी माणूस गळाला तरी सर ओरडतील. घरचाच माणूस गळाला असता तर? पहिल्या वेळी तीनशे दहा आले, तेव्हाच मॅडमनं दोनदा घड्याळ बघितलं होतं. लाज वाटली मला. म्हटलं, पोरीचा आकडा माझ्यापायी खाली नको यायला.

वर्षा : मला तुमचा खरा आकडा पाहिजे होता, आप्पा. दोन वर्षं मी लोकांचे दम मोजत फिरतेय आणि तुम्ही याच घरात... रागावले नाहीये. रागवायलाही जोर नाही अंगात. स्वतःचीच लाज वाटतेय. बसा इथं. आठही काढणार आहे मी, सहा महिने तर सहा महिने. आणि अकरा वाजता दवाखान्यात जायचंय, झोप तिकडून आल्यावर.

आप्पा : बरं.

वर्षा : आता खरं सांगायचं. कारखान्यातून घरापर्यंत न थांबता येता?

आप्पा : तीन जागी बसतो. पानाच्या टपरीवर, मग मंदिराच्या ओट्यावर, मग त्या पाण्याच्या टाकीखाली.

वर्षा : पण तीन मजले चढून आत येता तेव्हा कधी दम लागलेला दिसला नाही मला.

आप्पा : दुसऱ्या मजल्यावर पण बसतो. श्वास खाली बसला की मग दार वाजवतो.