थांबायची ओळ

...नाही हो, मी म्हणतो, एक वेळ 'नाही' म्हण, शिव्या घाल, पण उत्तर दे! तर तुम्हाला सांगतो, कार्ड गप्प! नखाएवढं मेमरी कार्ड, शीतगृहाचं तापमान मोजणाऱ्या यंत्रात बसवलेलं, आणि माझं काम काय, तर त्या दोघांचं बोलणं घडवून आणणारा प्रोग्रॅम लिहायचा, ड्रायव्हर म्हणतात त्याला. यंत्र म्हणणार, 'हा घे आकडा', कार्ड म्हणणार, 'पोचला'. बास! पण छे! दोनशे आकडे सुरळीत, दोनशे एकावा दिला की... कार्ड गप्प! यंत्र बिचारं वाट बघतं, बघतं, आणि पडद्यावर लाल अक्षरं, 'वेळ संपली'.

अहो, वेळ माझीच संपत होती! अकराला शीतगृहवाल्या बाई यंत्र बघायला येणार, त्यांनी नाक मुरडलं की आमचा तिघांचा विभाग बंद, आणि बायकोला तर मी छाती काढून सांगून बसलेलो, 'नोकरी पक्की आहे गं!' साहेब दर दहा मिनिटांनी मानगुटीवर, 'झालं का? काय? कार्डाला दम खाऊ द्यायचा? प्रोग्रॅममध्ये थांबायची ओळ माझ्याकडे चालणार नाही! थांबणं म्हणजे कामचुकारपणा!' कार्ड बदललं, वायर बदलली, शेवटी खुर्चीसुद्धा बदलली... कार्ड गप्प!

पावणेअकराला डोकंच फिरलं. प्रोग्रॅम कुठे अडतो ते कळावं म्हणून आम्ही मध्ये एखादं वाक्य पेरतो, तिथवर गाडी पोचली की ते पडद्यावर उमटतं. मी रागाच्या भरात लिहिलं, 'साहेबांचं काय जातंय बोलायला!' आणि काय सांगू... दोनशे, पाचशे, हजार! वाक्य उमटेपर्यंत कार्डाला दम खायला मिळत होता हो! आता शब्द बदलू म्हणतोय, तोवर बाई दारात.

बाईंनी चष्मा लावला, सावकाश वाचलं, 'साहेबांचं... काय... जातंय...' साहेब लालबुंद! 'काढा ते!' काढलं. कार्ड गप्प! बाईंनी पर्स उचलली. मी म्हटलं, 'साहेब, एकच थांबायची ओळ...' साहेब ओरडले, 'नियम म्हणजे नियम! घाला ते वाक्य परत!'

घातलं. हजार आकडे, दोन हजार आकडे. बाई परत बसल्या, चाळीस यंत्रं घेतली, आणि कागदावर एकच अट, 'आज चालताना पाहिलं त्यातलं अक्षरही बदलायचं नाही.' साहेबांनी खाली सही केली.

नोकरी राहिली माझी. चाळीस शीतगृहांत रोज, दर आकड्यामागे, साहेबांचं काय जातंय ते उमटतंय... कार्ड बोलतंय हो. आता साहेब गप्प!