पाचवा क्लास

सासू: हा चौथा ना?

सून: पाचवा, आई. विणकामाचा तुम्ही मोजत नाही.

सासू: तो मोजायचा कशाला? तिथे शिकवणारा बाप्या होता.

सून: सत्तर वर्षांचे आजोबा होते ते. सुया दिसायच्या नाहीत त्यांना, नुसत्या बोटांवर विणायचे. बरं, तो सोडा. पिशव्यांचा लांब पडला. सकाळचा तुमच्या व्यायामवाल्या ताईंच्या वेळेत आला. आणि मोत्यांच्या दागिन्यांचा होता, त्याचा जिना तुम्हाला आवडला नाही.

सासू: अरुंद होता.

सून: तुम्ही पाहिलात कधी?

सासू: शेजारीण म्हणाली.

सून: हा पोस्टाच्या मागे आहे. तळमजला. सोम, बुध, शुक्र, तीन ते पाच. चालत वीस मिनिटं, म्हणजे साडेपाचच्या आत मी घरात. शिवण, विणकाम, पर्स, कानातलं, सगळं एकाच बाईंकडे. शेजारच्या काकू तेवढा वेळ तुमच्याजवळ बसतील.

सासू: ती बसते आणि घोरते. मलाच तिच्यावर लक्ष ठेवावं लागतं.

सून: आई, हसू नका. मी खरंच विचारतेय.

सासू: मी कुठे नाही म्हणाले? तुझ्या कागदावरचा नंबर घेतला आणि सकाळी त्या बाईंना फोन केला. चारला येताहेत.

सून: कुठे?

सासू: इथे, आपल्याकडे. घरी येऊनही शिकवतात म्हणे. खिडकीपाशी माझं जुनं मशीन आहेच. तुला उन्हातान्हात पायपीट नको.

सून: मला विचारायचं तरी.

सासू: त्यात काय विचारायचं? शिकायचंय तर शीक की. तुझ्या नवऱ्यालाही कळवलं मी. तो म्हणाला, बरं झालं, पुढच्या महिन्यात साइटवरून आलो की मशीनला मोटर बसवून देतो.

(दारावरची बेल वाजते.)

बाई: जिना दमवतो बाई तुमचा. चार मजले आणि लिफ्ट नाही. आजी, तुम्ही उतरता कशा?

सासू: उतरतच नाही. दोन वर्षं झाली. बाथरूममध्ये पडले, खुबा मोडला.

बाई: अरेरे. एकट्याच होतात?

सासू: ही एक दिवस माहेरी गेली होती. चार तास फरशीवर पडून होते मी. नळ टपटपत होता, तो मोजत होते.

सून: बाई, बसा ना. पाणी आणते.

बाई: आणा सावकाश. आधी जरा हात बघू तुमचा. हा पेपर घ्या, त्यावर ब्लाउजचा गळा कापून दाखवा. चुकला तरी चालेल, रद्दीच आहे.

सून: गोल की चौकोनी?

बाई: तुम्हाला हवा तो. अहो, खडू तरी घ्या.

सून: हं. झाला.

बाई: बरं. चला, पाणी द्या आता. मीच येते स्वयंपाकघरात, आजींना उगाच आवाज नको.

सासू: जा, जा. तिकडे वाराही बरा येतो.

बाई: त्यांना इथलं ऐकू जातं का?

सून: नळ सोडला की नाही.

बाई: मग सोडा. आता सांगा, कुठे शिकलात? खडू न लावता गळा कापलात, दोन्ही बाजू सारख्या. खांद्यापाशी शिलाईचा अर्धा इंच आपोआप सुटला तुमच्याकडून.

सून: लग्नाआधी कपड्यांच्या कारखान्यात होते. सहा वर्षं. नव्या नमुन्याचा पहिला कपडा मी शिवायचे, त्यावरून बाकीच्या शिवायच्या.

बाई: मग माझ्याकडे काय शिकणार होतात?

सून: काही नाही. नुसतं फिरायला जाते म्हटलं, तर कशाला म्हणतात. क्लास म्हटलं की निदान पत्ता विचारतात.

बाई: म्हणजे मी इथे आले, ते चुकलंच की.

सून: तुमचा काय दोष? मला ती वीस मिनिटं हवी होती. जाताना वीस, येताना वीस. मधले दोन तास तुम्ही मला उलटी शिलाई उसवायला बसवलं असतं तरी चाललं असतं.

बाई: माझ्याकडे तेरा जणी येतात आणि मी एकटी. शिकवायला मला जोडीला कुणीतरी हवंच आहे. याल? एक तारखेपर्यंत थांबते मी.

सून: त्या दिवशी पडण्याआधी आईंनी मला फोनवर सांगितलं होतं, राहा आजची रात्र, मी ठीक आहे. मी राहिले नाही, संध्याकाळीच परतले. तरी चार तास झालेच होते. आता कुणाला काय म्हणू?

बाई: तेवढा वेळ शेजारचं कुणी नाही बसणार?

सून: शेजारच्या काकू बसतील हो. पण मी दाराबाहेर पाऊल टाकलं की आईंचे हात थरथरतात. दूध आणायला गेले तरी. मी परत येईपर्यंत कपसुद्धा धरवत नाही. त्या मुद्दाम करत नाहीत, तेच तर आहे. मुद्दाम करत असत्या तर भांडले असते.

बाई: मग गुरुवारी तीनला येऊ मी?

सून: या.

(बाहेरचं दार लागतं.)

सासू: गेल्या का बाई? किती वेळ नळ चालू होता.

सून: पेले घासत होते.

सासू: दोन पेल्यांना एवढं पाणी लागतं?

सून: तुमचा पाय वर घ्या. उशी सरकलीये.

सासू: तुझा तो कागदाचा गळा बघत होते. बघ, मधोमध घडी घातली तर कड कडेला लागते. मी काय आंधळी आहे?

सून: मग बाईंना का बोलावलंत?

सासू: तू जा म्हणायचं मनात होतं माझ्या. फोन लावला तो तेच सांगायला, की उद्यापासून पाठवते म्हणून. आणि तोंडातून निघालं, घरी येता का.

सून: असू दे, आई.

सासू: रागावलीस?

सून: नाही.

सासू: रागाव की जरा. बरं वाटेल मला.

सून: तेल लावू का गुडघ्याला?

सासू: लाव. बाई काय म्हणाल्या आत?

सून: गुरुवारी तीनला येतील. पहिल्या दिवशी मशीनमध्ये दोरा ओवायला शिकवतात म्हणे.

सासू: तो तर तुला येतोच.

सून: येतो. तरी शिकेन.