हिवाळा एक तारखेला

सिसिलीतल्या अमेरिकी तळावर नव्यानेच आलेली मरेन तिथल्या घरांची देखभाल पाहणाऱ्या कचेरीत रांगेत उभी होती. तिच्या पुढची नौसैनिकाची बायको कारकून कताल्दोवर उखडली होती.

“लेकरू रात्रभर कुडकुडतंय, भिंतींना बुरशी चढलीय. हीटिंग कधी सुरू करणार?”

“एक डिसेंबरला, सिन्योरा. त्याआधी हिवाळा नसतो. इथला नियमच आहे.”

“मग हा गारठा काय उन्हाळ्याचा आहे?”

“खिडक्या उघड्या ठेवा, बुरशी जाईल.”

“अहो, परवा तुम्हीच बंद करायला सांगितल्यात! आफ्रिकेची धूळ घरात येते म्हणून!”

“तर मग लेखी तक्रार करा. फक्त सही तुमच्या नवऱ्याची लागेल. नोकरीत ते आहेत, तुम्ही अवलंबित.”

“तो जहाजावर आहे. एप्रिलमध्ये येणार.”

“मग एप्रिलमध्ये या.”

“म्हणजे हीटिंग मागायला मी उन्हाळ्यात येऊ? आणि तुमच्या टेबलाखाली ते लालबुंद काय पेटलंय?”

“हा... छोटा हीटर आहे. माझे गुडघे धरतात ना.”

“अस्सं! मग त्याच्यासाठी सही कोणाची आणलीत? बायकोची?”